लक्ष्मीचा उतार

पोलिओनं पाय गेलेल्या यमुनाबाईनं उस्मानपुऱ्यातल्या सोसायटीच्या दारापुढं, व्हीलचेअरसाठी पदरचे पैसे घालून रॅम्प बांधला. "दारापुढं उतार? सोसायटीची लक्ष्मी वाहून जाईल," म्हणत चेअरमन आप्पासाहेबांनी तो फोडून टाकला. पुढं कैक वर्षं वॉचमन तिला पोत्यासारखं उचलून पायऱ्या चढवायचा. यमुनाबाईनं दातओठ खात ते मनात धरून ठेवलं.

मग मुकुंदवाडीत तिनं घर बांधलं. ओट्याला पायऱ्या आणि शेजारी रॅम्प, रुंद दारं, न्हाणीत धरायला दांडे. वाढत्या शहरात असं घर शोधून मिळेना, त्यामुळं भाडेकरूंची रीघ लागली.

एक दिवस आप्पासाहेबांच्या पोराचा, इंद्रजीतचा फोन आला. वडलांना लकवा मारलेला, खोली पाहिजे होती.

"बघायला या की. त्यांनाबी आणा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इंद्रजीतनं वडलांची व्हीलचेअर रॅम्पकडं वळवली, तशी ती कडाडली, "उतारावरून नाय! लक्ष्मी वाहून जाईल तुमची. पायऱ्यांनी आणा."

पोरानं अन् ड्रायव्हरनं धापा टाकत म्हाताऱ्याला उचललं. पायजमा घसरला, सगळी गल्ली बघत राहिली.

त्यांनी त्याला ओट्यावर टेकवताच यमुनाबाई म्हणाली, "खोली तर तुमचा फोन यायच्या आधीच दिलेली हाय."

आणि त्यांना वाटं लावायला ती रॅम्पवरून अलगद खाली उतरली.