उरलेला अणू बाहेर हाय

रिकाम्या जागेवर आमच्या फिजिक्सच्या सरांइतकं जिवापाड प्रेम करणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि मला वाटतं जिल्ह्याबाहेरही झाला नसेल. इतरांना मोकळी जागा दिसली की तिथं टपरी टाकावीशी वाटते, निदान चार दगड रचून हक्क सांगावासा वाटतो. सरांना मोकळी जागा दिसली की नुसता आनंद व्हायचा. "बघा, काईच न्हाई!" हे ते अशा आवाजात म्हणायचे की गुप्तधन सापडलेला माणूसही तसं म्हणणार नाही. आमची शाळा पालीच्या पुढं, बारावीपर्यंतची, आणि सर चकलांब्याचे. वडील मेंढरं राखायचे, त्यामुळे सरांची चालही मेंढरांमागं चालणाऱ्याची होती, लांब टांगा टाकत, मधेच थांबून लांबवर बघत. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी ज्वारीचे दाणे. आम्हाला आधी वाटलं, सर चिमण्यांना टाकत असतील. ते दाणे म्हणजे अणूची केंद्रकं होती.

पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर थाड्‌कन हात मारला आणि म्हणाले, "हे टेबल जवळजवळ न्हाईच." टेबल शाळेच्या मालकीचं, चांगलं सागवानी होतं. सर पुढं म्हणाले, "लाकूड अणूंचं, अणू पोकळ. मधी चिमूटभर केंद्रक, बाकी सगळी मोकळी जागा. हे टेबल पोकळ, मी पोकळ, तुमी पोकळ." मागच्या बाकावरून एक पोरगं उठलं. "मंग सर, हात आरपार कावून जात न्हाई?" आमच्या आधीच्या सरांनी अशा प्रश्नाला छडीनं उत्तर दिलं असतं. हे सर त्या पोराकडं लेकीच्या लग्नात जावयाकडं बघावं तसं प्रेमानं बघत राहिले. मग म्हणाले, "एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतोस का न्हाई? सीट तर रिकामी दिसती. पन दुसऱ्यानं बसून दाखवावं! इलेक्ट्रॉनांनी तशी जागा धरलेली असती. एकाच्या जागेवर दुसऱ्याला बसू देत न्हाईत." त्या दिवसापासून आजतागायत मला एसटीच्या सीटवर रुमाल दिसला की राग येत नाही.

पुस्तकातल्या अणूच्या चित्राशी तर त्यांचं हाडवैर होतं. मधे लिंबाएवढं केंद्रक, भोवती गोल गोल कक्षा आणि त्यांवर मण्यांसारखे इलेक्ट्रॉन. ते पान आलं की सर आम्हाला पेन्सिलीनं त्यावर फुली मारायला लावत. एका पोराचे वडील तक्रार घेऊन आले, सरकारी पुस्तकावर फुली म्हणजे काय! सरांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "तुमी घाण्याला जुंपलेला बैल बघितलाय? ह्या चित्रात इलेक्ट्रॉनाला तसा जुंपलाय. इलेक्ट्रॉन कुनाला जुंपून घेत न्हाई. संध्याकाळी मेंढरं परतताना धुरळा उठतो बघा, तसं त्याचं असतं. कुठं दाट, कुठं विरळ. मधलं एक मेंढरू नेमकं कुठंय, सांगा बरं." वडील चहा पिऊन गेले आणि जाताना पोराला दम देऊन गेले, "सर म्हनतील तिथं फुली मार."

स्वतः सर अणू कसा काढायचे, ते सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. फळ्यावर मधोमध खडूचा एक ठिपका द्यायचे. "हे केंद्रक." मग खडू फळ्याला टेकवून रेघ ओढत निघायचे, फळा संपला की भिंतीवरून, भिंत संपली की दारातून बाहेर, व्हरांड्याच्या खांबांना खडू लावत लावत दिसेनासे व्हायचे. आम्ही बसून राहायचो. कधी तास संपताना, कधी पुढच्या तासात मराठीच्या बाई शिकवत असताना, सर दारात येऊन उभे राहायचे. घामाघूम झालेले, चेहरा मात्र समाधानी. "वर्गात मावला न्हाई. उरलेला अणू बाहेर हाय," एवढं सांगून निघून जायचे.

केंद्रक समजावताना ते आमच्या घराघरांत शिरत. "प्रोटॉन म्हंजे भावकी. सगळ्यांचा विद्युतभार सारखा, म्हनून लांबून बघितलं तरी एकमेकाला ढकलनार. पन पार खांद्याला खांदा भिडला, की अशी मिठी मारतात की सोडवनं मुश्कील. अन् न्यूट्रॉन? भांडन न करता दोघांना धरून बसनारा पाव्हना. पाव्हने कमी पडले की केंद्रक टिकत न्हाई." माझ्या शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, "सर, मग आमच्या घरात न्यूट्रॉनच न्हाईत." तिच्या वडिलांचा आणि चुलत्यांचा बांधावरून वाद चालू होता, साऱ्या गावाला ठाऊक होतं. सर हसले नाहीत. म्हणाले, "तू हायस की."

प्रयोगशाळेच्या खोलीत तेव्हा निवडणुकीच्या पेट्या आणि तुटकी बाकं होती, म्हणून सर प्रयोग मैदानात करायचे. एकदा त्यांनी एक बाज आणली, तिच्यावर चारी बाजूंनी जमिनीपर्यंत वाकळ सोडली आणि आत काहीतरी लपवलं. आम्हाला एका बाजूनं गोट्या सोडायला सांगितल्या. बऱ्याच गोट्या सरळ पलीकडं निघाल्या, काही तिरक्या गेल्या, आणि एक टक्‌ करून माझ्याच पायाशी परत आली. सर लहान पोरासारखे उड्या मारू लागले. "आली का न्हाई परत? न बघता कळलं का न्हाई, आत काय तरी हाय, लहान हाय, पन घट्ट हाय? शास्त्रज्ञांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर कण मारून केंद्रक असंच शोधलं!" वाकळ वर केली तर आत वरवंटा. तेवढ्यात हेडसरांच्या घरून निरोप आला, की वाटण अर्धं राहिलंय आणि वरवंटा कुणी नेला.

असा हा माणूस आमच्या शाळेत बिनपगारी होता, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांच्या पदाला मान्यता मिळायची होती, मान्यतेच्या प्रस्तावावर संस्थेच्या अध्यक्षांची सही व्हायची होती. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. आबांच्या वाढदिवसाला सही करायची, असं ठरलं होतं. सही झाली की सर कायमचे आमचे. नाही झाली, तर जूनमध्ये दुसरं कुणीतरी येणार आणि ते कक्षांवर मणी ओवणार.

त्याच वाढदिवसाला शाळेत विज्ञान प्रदर्शन ठेवलं होतं. कार्यकर्त्यांनी बीडहून फ्लेक्स छापून आणला, गेटच्या कमानीएवढा. विज्ञान प्रदर्शन म्हणून त्यावर अणू काढला होता. केंद्रकाच्या जागी गॉगल लावलेले आबा, चुलीवरच्या मोठ्या भाकरीएवढे गोल. भोवती कक्षा, आणि त्यांवर इलेक्ट्रॉन म्हणून उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि दोन-तीन होतकरू तरुण, सगळे हात जोडून. आबांनी फीत कापल्यावर सरांनी त्या फ्लेक्सपाशी उभं राहून पाहुण्यांना अणू समजावून सांगायचा, फोटो निघायचा आणि मग ऑफिसात सही, असा कार्यक्रम होता.

आम्ही मुली गेटपाशी रांगोळी काढत होतो, तेव्हा हेडसर सरांना फ्लेक्स दाखवायला घेऊन आले. सर बराच वेळ बघत उभे राहिले.

"मी हितं उभा ऱ्हानार न्हाई," ते म्हणाले.

"अहो, का?"

"अणू चुकलाय. केंद्रक एवढं नसतं."

हेडसर स्वभावानं गरीब माणूस. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "सर, तुम्हीच शिकवता ना, अणूचं सगळं वजन केंद्रकात असतं? मग आबांचं वजन हायच की जिल्ह्यात!"

"वजन हाय, मान्य. आकार न्हाई."

"सर, सही बाकी हाय. एक फोटो. दोन मिनिटं."

"सही आबाची हाय हेडसर, अणू आबाचा न्हाई."

मी रांगोळी टाकायची थांबले. घरी माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मोठ्या माणसाला असं तोंडावर नाही म्हणता येतं, आणि तेही एका चित्रासाठी, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

आबा आले, हार झाले, फीत कापली. सर फ्लेक्सपासून लांब, मैदानाच्या कडेला उभे. कुणीतरी आबांच्या कानाला लागलं. आबा वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना नाही ऐकायची सवय नव्हती. "काय चुकलं मास्तर आमचं?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

सरांनी खिशातून ज्वारीचा एक दाणा काढला आणि आबांच्या तळहातावर ठेवला. "आबा, हे केंद्रक. म्हंजे फ्लेक्सच्या हिशेबानं हे तुमी." मग रुमाल काढून मैदानाच्या मधोमध अंथरला आणि दाणा त्यावर ठेवला. "आता अणूची हद्द बघायला चला."

आबा निघाले. आबा निघाले म्हटल्यावर कार्यकर्ते निघाले, हेडसर निघाले, आम्ही निघालो. भर उन्हात ती मिरवणूक मैदान ओलांडून गेटबाहेर पडली.

"हितं काय हाय?" गेटपाशी आबांनी विचारलं.

"काई न्हाई, आबा."

पाण्याच्या हौदापाशी पुन्हा, "आन् हितं?"

"हितंबी न्हाई."

"मंग चालतोय कावून आपन?"

"आबा, एवढ्या मोकळ्या जागेवर सगळं जग उभं हाय," सर म्हणाले. ते आता आबांच्या पुढं चालत होते. मेंढरांमागं चालायची सवय असलेला माणूस पुढं झाला होता. "तुमच्या त्या दाण्याएवढ्या केंद्रकात बिंदुसरेचं धरण तुडुंब भरल्यावरच्या पान्याएवढं वजन असतं. बारीक असन्यात कमीपना न्हाई, आबा."

एसटी थांब्याच्या कडुलिंबाखाली सर थांबले. "हायड्रोजनचा अणू असंल, तर त्याची हद्द हितं कुठंतरी. आन् हितंच कुठंतरी एक इलेक्ट्रॉन."

"कुठंय?"

"नेमका सांगता येत न्हाई. हाय, एवढं सांगता येतं."

"आपल्या उपसरपंचावानी!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं आबाच हसले. लिंबाच्या सावलीत घाम पुसत ते शाळेकडं मान वळवून बघत राहिले. एवढ्या लांबून रुमालसुद्धा दिसत नव्हता. "लई मोकळं हाय की बे," ते स्वतःशीच म्हणाले. मी हेडसरांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला होता. सही झाल्यातच जमा होती.

आम्ही परत मैदानात आलो. रुमालापाशी राखणीला एका कार्यकर्त्याला ठेवलं होतं, फार निष्ठावान माणूस. तो घाबराघुबरा होऊन धावत आला. शिपाईमामांच्या कोंबड्या मैदानात हिंडत असायच्या, हे इतक्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. तो सगळ्यांसमोर, पोटातून कळवळून म्हणाला, "आबा, तुमाला कोंबडीनं खाल्लं!"

सगळं मैदान हसलं. पोरं हसली, बाया हसल्या, हात जोडलेले इलेक्ट्रॉनही तोंड फिरवून हसले. या वेळी आबा हसले नाहीत. गॉगल लावला आणि गाडीत जाऊन बसले. सही राहिली.

नंतर हेडसरांनी सरांना पुष्कळ समजावलं. फ्लेक्स अजून उतरवलेला नाही, त्याच्यापाशी एक फोटो काढून आबांना पाठवा, मी बोलतो. सरांचं उत्तर वर्गापर्यंत ऐकू आलं. "कोंबडीबद्दल माफी मागतो. कोंबडी माझी चूक हाय. फ्लेक्सपाशी उभा ऱ्हानार न्हाई." आणि ते खरोखर आबांच्या घरी गेले, कोंबडीबद्दल माफी मागून आले. आबांनी चहा पाजला. सहीचा विषय दोघांनीही काढला नाही.

वर्षाच्या शेवटच्या तासाला सर आले, नेहमीसारखा फळ्यावर ठिपका दिला, रेघ ओढत भिंतीवरून दाराबाहेर गेले. आम्ही बसून राहिलो. मराठीच्या बाई आल्या, दाराकडं बघत शिकवत राहिल्या. शाळा सुटली तेव्हा आम्ही ती रेघ धरून निघालो. खांबांवरून, गेटवरून, हौदाच्या कठड्यावरून ती थेट लिंबाच्या बुंध्यापर्यंत गेली होती. तिथं खडूचा उरलेला तुकडा ठेवलेला होता. एसटी गेली होती.

सर आता केजला क्लास घेतात. खालच्या मजल्यावर बियाणांचं दुकान, वर पत्र्याची खोली. ज्वारीची वानवा नाही. बीएस्सी झाल्यावर मी पेढे घेऊन गेले, तर जिन्यात एक मुलगी भेटली. कोण कुठली विचारलं, तर आबांची नात. आबा तिला रोज जीपनं पाठवतात. मी सरांकडं बघितलं. सर पेढा खात म्हणाले, "हुशार हाय पोरगी. परवा पुस्तकातल्या चित्रावर न सांगता फुली मारली."

मी आता गेवराईकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. अणूचा धडा आला की फळ्यावर ठिपका देते आणि खडू टेकवून निघते. इथल्या हेडसरांनी एकदा विचारलं, बाई, भिंती कशाला घाण करता. मी म्हटलं, अणू तेवढाच असतो, सर. गेटपाशी पोचल्यावर मी थोडा वेळ उभी राहते. समोर काळ्या रानातून रस्ता जातो, लांबवर एखादी एसटी धुरळा उडवत निघालेली असते. मग मागून पोरं ओरडतात, "बाई, आली का हद्द?"

"अजून न्हाई," मी म्हणते.