रुमालापासून चादरीपर्यंत

गच्चीत आल्यावर काका आभाळाकडे बघत नसत, दोरीवरच्या कपड्यांकडे बघत. दोन्ही हात पाठीमागे, मान किंचित तिरकी आणि डोळे एखाद्या ओल्या टॉवेलाच्या टोकावर. मग सावकाश जाहीर करत, "रुमालच हलून राहिला फक्त."

तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल, म्हणून सांगते. वारा मोजायची त्यांची स्वतःची पद्धत होती. रुमाल हलला तर त्याला ते वारा म्हणतच नसत. टॉवेल हलला तर खुर्ची ओढून बसत. साडी फुगली तर मला हाक मारत. आणि चादर उडून आडवी झाली, तर तो खरा वारा. जबलपूरच्या विजय नगरातल्या आमच्या दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे हे हवामान मला रोज घरबसल्या मिळे.

नोकरीत असताना काका रिछाईतल्या एका कारखान्यात विजेच्या मोटरींचं वाइंडिंग करत, म्हणजे त्यांत तांब्याची तार गुंडाळत. ते निवृत्त झाले आणि त्याच सुमारास घरचं वॉशिंग मशीन बंद पडलं. आतलं सर्किटचं कार्ड जळलं होतं, मोटर शाबूत होती. काकूंनी नवं आणलं. जुनं भंगारात निघालं, तेव्हा काका फाटकात आडवे उभे राहिले आणि त्यातली मोटर काढून घेतल्यावरच बाजूला झाले. चांगली परातीएवढी गोल मोटर होती, आत कडेकडेनं चुंबकं बसवलेली.

"वीज दिली की ही फिरते, दीदी," त्यांनी मला समजावलं. "आपण हिला फिरवलं, तर ही आपल्याला वीज देते. इतकी वर्षं हिला खाऊ घातलं, आता हिच्या हातचं खाऊन पाहू."

फिरवायला वारा होता, किंवा असेल असं त्यांना वाटत होतं. प्लास्टिकच्या जाड पाइपातून त्यांनी तीन पाती कापली, शेपटीला तेलाच्या डब्याचा पत्रा लावला आणि ही पवनचक्की पाण्याच्या टाकीशेजारी खांबावर चढवली. तिची वायर खाली दारातल्या आकाशकंदिलापर्यंत सोडली. आमच्या गल्लीत कंदील दोनच घरांवर लागतो, त्यांच्या आणि आमच्या. बाकीच्यांच्या दिव्यांच्या झालरी असतात. कंदील दिसला की परका माणूसही ओळखतो, इथे मराठी लोक राहतात. तर त्या वर्षीच्या दिवाळीत तो कंदील वाऱ्यावर पेटणार होता.

"मध्ये एखादी बॅटरी लावा ना," मी म्हटलं. "वीज साठवता येईल."

"शिळा वारा काहून जाळायचा? आला की पेटेल, गेला की विझेल. त्यालाही कळलं पाहिजे ना बाप्पा, हा कंदील आपला आहे म्हणून."

असं काही बोलून झालं की ते पुन्हा दोरीकडे बघत बसत. दुपारचं ऊन भिंतीवरून उतरत जाई, वाळलेले कपडे दोरीवर लोंबत राहत आणि काका जागच्या जागी कुठेतरी लांब गेलेले असत. त्यांच्याशेजारी उभं राहिलं की मलाही पेंग आल्यासारखं होई. ती पेंग मला आवडायची.

आता दिवाळीच्या दिवसांत जबलपुरात पान हलत नाही, हे कुणीही सांगेल. पण काकांनी जन्मभर वारा घेतला तो कारखान्यातल्या पंख्याचा. शिवाय त्या चुंबकांची पकड अशी, की पातं हातानं लोटलं तरी अडखळत पुढे जाई. टॉवेलाच्या वाऱ्याला ते दाद देणार नव्हतं.

लक्ष्मीपूजनाला अख्खी गल्ली उजळली आणि काकांचा कंदील काळा. काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, घरातली वायर जोडा ना. सणाचा कंदील कोणी असा ठेवतं का?"

"सिहोऱ्यापर्यंत आली असेल हवा. पोचतेच आता," काका म्हणाले. जवळच्या सिहोरा गावाची बस उशिरा यावी, तितक्याच सहजपणे.

पाडव्यालाही बस आली नाही. काकू ओवाळत होत्या तेव्हा काकांचं लक्ष ताटात नव्हतं. भाऊबीजेच्या संध्याकाळी गच्चीत भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू आला. अगदी हळू म्हणत होते, "उद्या उतरवतो सगळं. तू भंगारवाल्याला बोलावून घे." मला फार वाईट वाटलं.

काका खाली जाऊन दारातल्या खुर्चीत बसले. "कपडे काढून आणते," म्हणत काकू मागे राहिल्या. त्यांनी कपडे वाळत घालायची लांब काठी घेतली, टाकीच्या कठड्यावर चढल्या आणि काठीनं एकेक पातं ढकलू लागल्या. पदर खोचलेला, श्वास फुललेला. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खाली कंदील आधी लुकलुकला, मग अडखळत का होईना, पेटला.

मी धावत खाली गेले. काका उभे राहिले होते. कंदिलाचा लाल उजेड त्यांच्या चष्म्यावर हलत होता. "दीदी, आली हवा," ते म्हणाले. पवनचक्की उतरली नाही. कंदीलही उतरला नाही. "भैया, दिवाली तो कब की हो गई," असं जाणारे-येणारे म्हणत, आणि काका नुसते हसत.

थंडी सरता सरता एकदा गच्चीत ते आपणहून म्हणाले, "भाऊबीजेला दोरीवर माझा रुमाल होता. खाली जाताना मी पाहून घेतलं होतं. हलून नव्हता राहिला."

मी विचारलं, "मग काकूंना बोलला नाहीत?"

"काहून बोलू? ती फिरवून राहिली होती." मग म्हणाले, "तुम्हीही बोलू नका."

चैत्रात काका गेले. झोपेतच गेले. मुलगा पुण्याहून आला, काकूंना सोबत चल म्हणाला. काकू म्हणाल्या, उन्हाळा जाऊ दे.

ज्येष्ठात, पावसाच्या आधी, एका संध्याकाळी कोरडा वारा सुटला. आमच्या खिडक्या आपटायला लागल्या. कपडे काढायला मी गच्चीत धावले, तर पलीकडे काकूंची चादर दोरीला आडवी झाली होती आणि टाकीवरची पाती फिरण्याच्या वेगानं दिसेनाशी झाली होती. मी भिंतीवरून वाकून खाली पाहिलं. दारात कंदील पेटला होता, जराही न अडखळता. त्याच्याखाली काकांच्या खुर्चीत काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"काकू, चादर उडून जाईल, काढून ठेवू का?" मी वरून विचारलं.

"राहू द्या, दीदी," त्या कंदिलाकडे बघत म्हणाल्या. "मागे मी फिरवली होती. आज हे फिरवून राहिले."