बन्सी ड्रायव्हरचा बंब

वरवंड गावात हिवाळ्यात पहाटे डिझेलचा ट्रक चालू करायचा म्हणजे अडलेली म्हैस सोडवण्याइतका खटाटोप. सहा माणसांनी मागून ढकलायचं, एकानं पुढून हँडल मारायचं, आणि एवढं करूनही गुरगुरून ती गाडी गप्प बसली, की कुणीतरी दीडशहाणा डिझेलात बुडवलेला बोळा पेटवून तेलाच्या चेंबरखाली धरायचा. असं करता करता एकाची अख्खी केबिन जळाली, तरी अक्कल काही आली नाही. माणूस गारठला तर शेकोटीला बसतो, कढत पाण्यानं अंघोळ करतो. इंजिन गारठलं की त्याला लाथा घालतो. बन्सीचं डोकं ह्याच गोष्टीनं फिरायचं.

बन्सी हा बौद्धवस्तीतल्या म्हाळूचा थोरला. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर म्हाळूनं गावकीचं काम टाकलं ते टाकलंच. गावानं त्याला मजुरीवर बोलवायचं बंद केलं, दळण अडवलं, पण गडी हटला नाही. त्याचाच हा पोरगा. सातवी झाला, लष्करात गेला, मोटारींवर शिकला आणि लडाखात सहा हिवाळे काढून पंच्याहत्तर साली घरी आला. छाती रुंद, बोलणं कमी, आणि जे बोलायचा ते समोरच्याच्या तोंडावर. अशा माणसाचं गावात कधी बरं चालत नाही.

ऊस वाहायला ट्रक घेतलेल्या सोपानरावांना त्या साली ड्रायव्हर हवा होता. सोपानराव म्हणजे कारखान्यात ज्यांच्या शब्दाला वजन, अशातले. फाटकावर कोणता ड्रायव्हर आत घ्यायचा आणि कोणता नाही, हे त्यांच्या मान हलवण्यावर ठरायचं. बन्सीचं लायसन बघून त्यांनी मान हलवली. त्यात उपकार कसला? लष्करातला ड्रायव्हर त्यांना ह्या पंचक्रोशीत दुसरा मिळणार होता कुठं?

पहिल्याच आठवड्यात धक्के मारून सगळ्यांची कंबर मोडली. तेव्हा बन्सीनं सोपानरावांना सांगितलं, की लडाखात गाडीला हीटर लावायचे. डब्यात रॉकेलचा जाळ, डब्यातून दोन नळ्या इंजिनात, आणि ब्लॉकातलं, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या धडातलं, पाणी हळूहळू गरम होऊन आपोआप फिरायचं. इंजिन आतून उबदार झालं की एका हँडलला सुरू. सोपानराव हसले. असला हीटर वरवंडात आणायचा कुठून? बन्सी म्हणाला, आणायचा कशाला, तुमच्या गोठ्यामागं फुटका बंब पडलाय तो द्या.

तो तांब्याचा अंघोळीचा बंब पाच वर्षं तिथं पडला होता. कोंबड्या त्यात अंडी घालायच्या. बन्सीनं तो घरी नेला, बुडाचं भोक डाख देऊन बुजवलं, वरच्या अंगाला आणखी एक तोटी बसवली आणि दोन्ही तोट्यांना रबरी नळ्या जोडल्या. एक नळी इंजिनाच्या डोक्याशी, एक ब्लॉकाच्या बुडाशी. बंब दगडांवर चढवून रेडिएटरच्या पातळीला आणला आणि मधल्या नळकांड्यात चार तुऱ्हाट्या, दोन शेणकुटं पेटवली. अर्ध्या तासानं ब्लॉकावर हात ठेवला तर आजारातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखा कोमट. हँडल मारलं मात्र, गाडी बोलायला लागली.

मग काय विचारता. सगळ्या गाड्या उन्हं वर येईपर्यंत खोळंबलेल्या असायच्या, आणि सोपानरावांचा ट्रक कारखान्याच्या फाटकाशी पहिल्या नंबरात उभा. लोक बघायला येऊ लागले. सोपानराव आल्यागेल्याला सांगायचे, मी गाडीला बंब लावलाय. मी म्हणे! बन्सी ऐकून घ्यायचा. त्याला शाबासकी नको होती. त्याला ड्रायव्हर म्हणून नाव हवं होतं, म्हणजे हा हंगाम संपला तरी कुणीही ट्रकवाला आपल्याला बोलावून घेईल, एवढाच त्याचा हिशेब.

गावाच्या कानावर गेलं ते सोपानरावांच्या आईच्या, झुंबरबाईंच्याही गेलं. बाई एक दिवस गोठ्याकडून आल्या आणि ट्रकला जोडलेला लखलखीत बंब बघून त्यांचा जीव खाली-वर झाला. हा आपल्या माहेरचा बंब, लग्नात आलेला, तो वस्तीतल्या माणसानं हाताळावा? पाच वर्षं कोंबड्यांनी हाताळला तेव्हा माहेर आठवलं नव्हतं. पण बाईंनी हट्टच धरला. गड्यांकरवी नळ्या उपटल्या, बंब चिंचेनं आणि राखेनं घासला, गोमूत्र शिंपडलं आणि न्हाणीत नेऊन बसवला. आतला डाख मात्र बन्सीचाच राहिला. त्याच डाखावरून आलेलं पाणी घरातली सगळी सोवळी माणसं अंगावर घेत होती, आणि त्यांना काही झालं नाही.

बन्सी सोपानरावांकडे गेला. त्यांनी आईचं नाव पुढं करून हात वर केले. शेतावर देखरेख करणारा त्यांचा चुलतभाऊ गेणबा तिथंच विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, एवढं काय त्यात, कढत पाणीच पाहिजे ना इंजिनाला? उद्यापासून मी वततो. बन्सीनं त्याला समजावलं, तेही नीट, भावकीतल्या माणसाला समजवावं तसं. गार पाणी काढून टाकून रिकाम्या ब्लॉकात उकळतं पाणी ओतू नका. ओतीव बीड आहे ते, तडकतं. ऊब हळूहळू चढवायची असते. गेणबा म्हणाला, लडाखाचं शहाणपण लडाखात ठेव. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दोन दिवस निभावलं, तेवढ्यानं गेणबा फुगला. तिसऱ्या दिवशी पौषातली थंडी अशी पडली, की विहिरीवरच्या मोटेचा नाडा कडक झाला. बन्सी पहाटे वाड्यापाशी पोचला तेव्हा गेणबा रिकामी घागर हातात घेऊन ट्रकसमोर उभा होता आणि ब्लॉकाच्या कुशीतून पाण्याची बारीक धार लागली होती. बन्सीनं खाली बसून बोट फिरवलं. वीतभर चीर. गेणबानं घागर तेवढी पाठीमागं लपवली.

सकाळी पारावर माणसं जमली. बन्सीला वाटलं, आता सोपानराव गेणबाची खरडपट्टी काढतील. सोपानरावांनी घसा साफ केला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की ड्रायव्हरनं नसते उद्योग करून इंजिन फोडलं. नळ्या लाव, बंब लाव, कुणी सांगितलं होतं? गेणबा मान खाली घालून जमीन उकरत होता. बन्सी सोपानरावांना म्हणाला, आप्पा, घागर कुणाच्या हातात होती ते इचारा. कुणी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. त्याच दिवशी फाटकावर निरोप गेला, की बन्सी म्हाळू ह्याला स्टिअरिंगला बसू द्यायचं नाही, तो इंजिनं फोडतो.

पुढचा महिना बन्सीनं केडगावपासून पाटसपर्यंत पायपीट केली. एक ट्रकवाला म्हणाला, तुमचं काम चांगलं, पण सोपानरावांशी वाकडं कोण घेणार? दुसऱ्यानं चहा पाजला आणि उद्या या म्हणून सांगितलं, तो उद्या आलाच नाही. तिसऱ्यानं तर दारातूनच विचारलं, किती इंजिनं फोडलीस रे? घरी ताईबाई, बन्सीची बायको, दुसऱ्याच्या उसात बिगारीला जाऊन यायची आणि भाकऱ्या थापता थापता सोपानरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बन्सीवरही चिडायची. तुम्ही पारावर एकदाच बोलून का थांबलात, पहाटे घागर हिसकून का घेतली नाही? बन्सीला ते सगळ्यात जास्त झोंबायचं, कारण रात्री अंथरुणावर तोही स्वतःला हेच विचारायचा.

इकडं सोपानरावांचा ट्रक चिंचेखाली धूळ खात होता. नवा ब्लॉक मिळेपर्यंत हंगाम संपला असता. पुण्याहून आणलेला मिस्त्री चीर बघून मान हलवून निघून गेला. मग कुणीतरी सांगितलं, की लष्करात चिरेवर ओळीनं भोकं पाडून, तांब्याचे आटेदार खिळे बसवून ब्लॉक शिवतात आणि बन्सीला ते येतं. सोपानरावांनी बोलावणं धाडलं. एक नाही, तीन वेळा. तिन्ही वेळा बन्सी गेला नाही. चौथ्यांदा बोलावणं आलं तेव्हा ताईबाई म्हणाली, जा, पण तोंड घेऊन जा.

बन्सी गेला तेव्हा सोपानराव ट्रकपाशी एकटेच होते. त्यांनी बसायला पोतं पुढं सरकवलं, इकडचं तिकडचं बोलले, थंडी यंदा फार म्हणाले. मग मुद्द्यावर आले. ब्लॉक शिवून दे, पुढच्या हंगामाला तुलाच ठेवतो. बन्सी उभाच राहिला. म्हणाला, ब्लॉक मी चार दिवसांत शिवतो, पण आधी तुम्ही पारावर चला आणि तो कुणी फोडला ते सांगा.

सोपानरावांनी इकडंतिकडं पाहिलं. आसपास कुणी नव्हतं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "अरं, मला काय ठाऊक न्हाई व्हय? तू न्हाई फोडलास. गेणबानंच फोडला."

"मग पारावर का न्हाई बोलला?"

सोपानराव जरा चिडलेच. इतकी साधी गोष्ट ह्याला कशी कळत नाही, असं त्यांच्या तोंडावर होतं. "पारावर समदी माझी माणसं व्हती," ते म्हणाले.

बन्सीनं एकदा त्या चिरेकडं पाहिलं. वीतभर होती ती आता हातभर झाली होती, कुणीतरी आणखी ठोकाठोक केली असणार. त्याच्या हाताला ते काम नुसतं खुणावत होतं, आणि त्या गोष्टीचाच त्याला संताप आला.

"मग हिंजिन बी त्यांच्याकडनंच शिवून घ्या, आप्पा," तो म्हणाला.

सोपानरावांनी मागून दोनदा हाक मारली, दुसरी पहिलीपेक्षा मऊ होती. बन्सी थांबला नाही. घरी येऊन त्यानं ताईबाईला झालं ते सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, मग उद्या माझ्यासंगं उसात येणार का? तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी लडाखात सहा हिवाळे गाडी चालवलेला तो माणूस कोयता घेऊन फडात उतरला.