मास्तरांच्या वहीतला कोरा रकाना

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की सगळ्यात आधी मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येतो. चढा, रुबाबातला, आपण फार मोठं काही हुडकून काढलंय अशा खात्रीचा. नोकरीत मी खून तपासले, दरोडे तपासले. त्यांतले निम्मे आता नीट आठवतही नाहीत. या प्रकरणात तर गुन्हासुद्धा दाखल झाला नव्हता. तरीही हेच सांगायचं ठरवलं आहे. नाव मात्र कोणाचंही घेणार नाही.

मी तेव्हा नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. हद्दीत कोपरखैरण्याचा बराच भाग येत होता. सीमेवर वातावरण तापलेलं होतं. वरून रोज सूचना येत होत्या, संशयित हालचालींवर लक्ष ठेवा, परदेशी नागरिकांच्या नोंदी तपासा. अशा दिवसांत ठाण्यात खबरींना ऊत येतो. पार्किंगवरून भांडण झालं की शेजारी लगेच अतिरेकी ठरतो. हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी मी फसलो.

एक दिवस सकाळची हजेरी संपते न संपते तोच एका सोसायटीचे सेक्रेटरी आले. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"साहेब, आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या माळ्यावर एक फॅमिली आहे. पाकिस्तानी."

"पाकिस्तानी म्हणजे?"

"पासपोर्ट तिकडचा, साहेब. बोलायला आमी हिंदू आहोत बोलतात. पण तो म्हातारा रोज गच्चीवर जाऊन तिकडे फोन लावतो, अर्धा अर्धा तास. उर्दूत लिहितो. नकाशे काढतो, त्यावर लाल खुणा. वॉचमनने डोळ्यांनी बघितलंय. आणि महिन्यातून एकदा खाडीवर जातो, पाण्यात कायतरी सोडतो. सगळी सोसायटी टेन्शनमध्ये आहे, साहेब."

गोपनीय शाखेचं काम पाहणारे आमचे हवालदार बोनकोड्याचे. मूळ गावातलेच, आगरी. त्यांनी नोंदवही काढली. कुटुंब सिंधमधून आलेलं हिंदू. म्हातारे, त्यांचा मुलगा, सून आणि नात. दीर्घ मुदतीचा व्हिसा, प्रत्येक नूतनीकरण वेळेवर. म्हातारे तिकडे सरकारी प्राथमिक शाळेत मास्तर होते. मुलगा तुर्भ्याच्या एका कारखान्यात कामाला. नागरिकत्वाचा अर्ज वर गेलेला होता, आणि त्यावर आमच्या ठाण्याचा अहवाल मागवला होता. आम्ही एक वाईट शेरा मारला असता तर त्या चौघांचा अर्ज तिथेच संपला असता.

दोन पंच घेऊन मी घरी गेलो. सेक्रेटरी पंच व्हायला एका पायावर तयार होते, पण तेवढं मला समजत होतं, मी बाहेरचे घेतले. घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. कोपऱ्यात देव्हारा होता, माशावर बसलेल्या झुलेलालची, सिंध्यांच्या देवाची, तसबीर, पुढे समई. तो देव्हारा पाहून मी मनात काय म्हटलं असेल? दाखवायला मांडलाय. संशय एकदा डोक्यात शिरला की माणूस देवालासुद्धा पंचनाम्यात धरतो.

कपाटात तीन जाड वह्या मिळाल्या. उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या, अरबी वळणाच्या अक्षरांत. मध्ये मध्ये हाताने काढलेले नकाशे आणि त्यांवर खरोखरच लाल ठिपके. मास्तरांच्या संमतीने वह्या आणि मोबाइल ताब्यात घेतला असं मी पंचनाम्यात लिहिलं. दारात पोलीस उभे असताना दिलेली संमती ती काय, हे वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. सून दाराशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "तिथे आम्हाला काफर म्हणायचे. इथे शाळेत माझ्या मुलीला पाकिस्तानी म्हणतात. साहेब, आम्ही नक्की कोण, ते तुम्ही तरी लिहून द्या." मी तिला बाजूला व्हायला सांगितलं.

ठाण्यात मास्तरांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. ते हिंदीत बोलत, इथे मराठीत देतो. वह्यांत काय आहे?

"आमच्या गावाची आठवण."

लाल ठिपके कसले?

"जे होतं आणि आता नाही, ते."

मला हे उत्तर उडवाउडवीचं वाटलं. फोन कोणाला करता?

"मित्राला."

"त्याचं नाव?"

इथे ते थांबले. मी तीनदा विचारलं, आवाज चढवून विचारलं. अर्जाची भीतीही घातली. ते टेबलाकडे पाहत बसले, पण बोलले नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीने मला शिकवलं होतं की सगळं सांगणारा माणूस एकाच ठिकाणी अडला तर पाणी तिथेच मुरतं. ते खरंच होतं. पाणी कसलं, तेवढं ओळखायला मी चुकलो.

मी त्यांचा मोबाइल त्यांच्याच बोटाने उघडून घेतला आणि रोज लागणारा तो नंबर लावला. स्पीकर सुरू केला. दोन रिंगमध्ये फोन उचलला गेला.

"सांईं! आज लवकर?" एक म्हातारा, आपुलकीचा आवाज; सांईं ही सिंधीतली आदराची हाक. मागे चार-पाच माणसांच्या गप्पा आणि कपबश्यांचा खणखणाट, बहुधा चहाचं हॉटेल.

"मैं नवी मुंबई पुलिस से बोल रहा हूँ. आप कौन?" मी म्हणालो.

मास्तर खुर्चीवरून उठले. "नहीं साहब! बंद कीजिए!" तेवढ्या एकाच वेळी त्यांचा आवाज चढला. ते फोन हिसकावायला आले, हवालदारांनी त्यांना धरलं. वयस्क माणसं बरेचदा स्पीकर लावूनच बोलतात. पलीकडेही तसंच असावं, कारण माझं वाक्य संपलं आणि मागच्या गप्पा एकदम थांबल्या. कपबश्यासुद्धा. मग फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

"चोराच्या मनात चांदणं," मी हवालदारांना म्हणालो आणि स्टेशन डायरीत नोंद घेतली.

 हवालदार वहीतला नकाशा उलटासुलटा करून पाहत होते. मग म्हणाले, "साहेब, एक सांगू? यो घातपाताचा नकाशा नाय."

"कशावरून?"

"यात रस्ते कुठं हायेत? बाहेरचा मानूस पयला रस्ता काढतो, साहेब, यायचा नि पलायचा. ह्यान विहीर काढलीय, पिंपल काढलाय, देवलाची पायरी काढलीय. आमचा बापूस कॅलेंडरच्या पाठी असाच काढीत बसायचा. हितं मिठागर, हितं बांध, हितं गावदेवीचं धोंडं. आमी बोलू, बाबा, आता तिथं सेक्टर झाला. तो बोलायचा, म्हनून तर काढतोय."

मी एवढी वर्षं नकाशे पाहत आलो होतो. घटनास्थळाचे तर शेकडो काढले. पण नकाशा काढणारा कुठे उभा राहून काढतोय हे पाहायचं मला कधी सुचलं नव्हतं. लिपी वाचणारं माणूस आणायचं त्याच दुपारी ठरलं. ते खरं तर फोन लावण्याआधी ठरायला हवं होतं.

वाशीत एक सिंधी बाई राहत, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. फाळणीत त्यांचं कुटुंब इकडे आलं, वडिलांनी घरी त्यांना ही लिपी शिकवली होती. त्या आल्या, चष्मा पुसला आणि पहिल्याच पानावर थांबल्या.

"इन्स्पेक्टर साहेब, ही उर्दू नाही. सिंधी आहे. आम्ही हिंदू सिंधी याच अक्षरांत लिहितो. माझ्या आईचं आरत्यांचं पुस्तक याच अक्षरांत आहे."

मग त्या वाचत गेल्या आणि ठाण्यातला गोंगाट मला ऐकू येईनासा झाला. प्रत्येक पानावर आखलेले रकाने होते. जागा. पूर्वीचं नाव. आजचं नाव. आज तिथे काय आहे. एका व्यापाऱ्याने खोदलेली विहीर, तिच्यावर नवं नाव. ज्या गल्लीत हिंदू राहत तिचं नावच बदललेलं. मंदिराचं धान्याचं कोठार झालेलं. स्मशानभूमीवर दुकानांची ओळ. मंदिराच्या दानशूरांची नावं कोरलेली शिळा शाळेची पायरी म्हणून बसवलेली, पालथी. तिच्यापुढे लिहिलं होतं, "अक्षरं खालच्या बाजूला आहेत. बोटं घातली की हाताला लागतात." मध्ये लग्नाची गाणी होती, बाळंतिणीला म्हणायच्या ओव्या होत्या. महिन्याच्या चंद्रदर्शनाला झुलेलालच्या नावाने पाण्यात तांदूळ आणि साखर कसे सोडायचे, तेही होतं. मास्तर खाडीवर जाऊन जे सोडत होते ते हेच.

"पण हा शेवटचा रकाना सगळीकडे कोराच आहे," बाई म्हणाल्या.

"मथळा काय आहे?"

"हे कोणी पाहिलं."

मला तो फोन आठवला. मास्तर आठ वर्षं इथे होते. पायरीखाली बोटं घालणारा माणूस ते नव्हते.

बाई मास्तरांशी त्यांच्या भाषेत काही बोलल्या, तेव्हा कुठे ते बोलते झाले. मित्र त्यांच्याच शाळेतला शिक्षक, मुसलमान. शाळेच्या पुस्तकात एक धडा होता, त्यात हिंदू म्हणजे कपटी आणि देशाचे वैरी असं मुलांना शिकवायचं होतं. तो धडा वर्गात मोठ्याने वाचायची पाळी मास्तरांवर येई. त्या दिवशी हा मित्र न चुकता तास बदलून घ्यायचा. "तो हा धडा मुलांना वाचून दाखवायचाच नाही," मास्तर म्हणाले. "गणितं घालायचा." त्याच शाळेत जाणाऱ्या त्यांच्या नातीने पुढे एक दिवस विचारलं, आजोबा, आपण वाईट माणसं आहोत का? त्या वर्षी त्यांनी गाव सोडलं.

"नवीन मुलांना वाटतं आमच्या गावात हिंदू कधी नव्हतेच," ते म्हणाले. "मी मेलो की ते खरंच होईल. म्हणून मी इथून विचारतो आणि तो तिथे फिरून बघतो. कोणाला समजलं तर त्याला भारताचा हेर म्हणतील, साहेब. म्हणून नाव लिहिलं नाही. तुम्हालाही दिलं नाही."

आणि मी चहाच्या हॉटेलात, चार लोकांसमोर, भारताच्या पोलिसांचा फोन त्याच्या कानात ओतला होता.

मी वह्या परत केल्या, पोच घेतली. अहवालात स्वच्छ लिहिलं, आक्षेपार्ह काही आढळून आले नाही, शिफारस करण्यात येते. सेक्रेटरींना बोलावून समज दिली. ते म्हणाले, "आमाला काय माहीत साहेब, दिसायला तर उर्दूच दिसतं." त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मलाही तसंच दिसलं होतं. मास्तरांची मी माफी मागितली. वर्दीत राहून मागितलेली ती माझी एकमेव माफी. त्यांनी हात जोडले. रागावले असते तर बरं झालं असतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एखाद्या समाजाला पुसून टाकायला दरवेळी दंगल लागत नाही, हे शिकवलं. एक धडा, एक बदललेली पाटी, पालथी घातलेली एक शिळा एवढ्यात ते होतं. आणि जपायला लागतो एखादा मास्तर आणि त्याचा एक हट्टी मित्र. अशा दोघांच्या मधला धागा मी दहा सेकंदांत तोडला, आणि तोही कर्तव्य म्हणून. शांत बसलेल्या माणसाविषयी पोलिसाने एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा, हा कोणाला लपवतोय की कोणाला वाचवतोय? पुढे प्रशिक्षणाला आलेल्या प्रत्येक तुकडीला मी हे सांगितलं. कोणाविषयी बोलतोय ते सांगितलं नाही.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी मास्तरांना नागरिकत्व मिळालं. पेढे घेऊन ते माझ्या घरी आले. चहा झाला. मी धीर करून विचारलं, "मास्तर, तिकडून काही?"

त्यांनी मान हलवली. त्या दिवसानंतर तो नंबर कधीच लागला नव्हता, तिकडून फोनही आला नव्हता. दुसऱ्या कोणाकडून चौकशी करावी तर त्यानेच तो माणूस उघड व्हायचा. मग त्यांनी पिशवीतून वही काढून माझ्यासमोर उघडली आणि त्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"साहेब, तो असेल तर इथे त्याचं नाव लिहायचं नाही. नसेल तर लिहिलंच पाहिजे, नाहीतर त्याचंही तसंच होईल, कधी नव्हताच म्हणून. माझं वय झालं. तुम्ही पोलीस आहात, तुम्हीच सांगा. लिहू का?"

 मी म्हणालो, "थांबा मास्तर. अजून थोडे दिवस थांबा."

त्यांनी वही मिटली. मी बरोबर सांगितलं की चूक, ते मला आजही कळलेलं नाही.