शाळेच्या अलीकडचा गोठा

गोदावहिनी गेल्याचा निरोप मला हिंगोलीच्या मोंढ्यात मिळाला. पुसेगावचा गाडीवान कापूस उतरवून मी नोकरीला आहे त्या अडत दुकानापुढं येऊन उभा राहिला. "भाऊ, तुमची वैनी गेली. तापानं. काल सांजच्याला समदं उरकलं बी." मी तसाच त्याच्या रिकाम्या गाडीत बसलो आणि थोड्या वेळानं खाली उतरून चालायला लागलो. बैलांची ती संथ चाल सहन होईना... त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसतो आणि उठतो. वहिनींविषयी एका जागी बसून लिहायचं हेच मुळी अवघड आहे, कारण त्या स्वतः बसलेल्या मला आठवत नाहीत. भाकरीसुद्धा हातावर घेऊन उभ्यानं खायच्या, एक पाय दाराबाहेर.

त्या माझ्या थोरल्या भावाच्या, दादांच्या, बायको. हिंगोलीत वाढलेल्या. वडील कडब्याचा व्यापार करायचे आणि शेजारीपाजारी सगळे दखनी उर्दू बोलणारे. त्यामुळं ती भाषा त्यांच्या तोंडी मराठीइतकीच सहज होती. लग्न होऊन पुसेगावात आल्या तेव्हा या गोष्टीचं कुणाला काही वाटलं नाही. तिचं मोल कळलं ते त्यांचा पोरगा बापू शाळेत गेला त्या दिवशी. निजामाचं राज्य, शाळा उर्दू. पाटी काढायला सांगताना मास्तरांनी "तख्ती निकालो" म्हटलं, बापूला वाटलं बाहेर निघ म्हणतात. तो उठून चालायला लागला आणि छडी बसली. दुसऱ्या दिवसापासून तो ज्वारीत लपून बसायचा. ज्वारी निघाली तेव्हा कडब्याच्या गंजीमागं. शाळा त्याची सुटली ती सुटलीच.

वहिनी तडक मास्तरांकडं गेल्या. मी सोबत होतो. मास्तर म्हातारे, मनानं वाईट नव्हते. "बच्चा होशियार है, बाई," ते म्हणाले, "पन मेरी बात उसकू समजती नै, उसकी मेरेकू समजती नै. मैं क्या करूँ?" घरी येऊन वहिनींनी गोठा झाडायला घेतला.

गुरं सकाळी रानात गेली की गोठा मोकळा. तिथं त्यांनी गल्लीतली शाळेआधीच्या वयाची लेकरं जमवली. अक्षर एकही नाही. "बैठो" म्हटलं की बसायचं, "पानी" म्हटलं की घागरीला हात लावायचा, आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, लघवीला लागली तर कसं विचारायचं... आणि सगळ्यांत आधी, आईचा पदर सोडून दोन घटका राहायचं. शेतात जाणाऱ्या बायांना लेकरं ठेवायला जागा झाली. बदल्यात एकेका बाईनं एकेक दिवस गोठ्यात थांबायचं, असं वहिनींनी दारोदार फिरून ठरवलं.

दादांना ते रुचलं नाही. "माझा गोठा हाय का धर्मशाळा?" असं ते ओट्यावरून म्हणत. पण गोठा कधी बंद केला नाही. खरा विरोध आला तो चळवळीतल्या पोरांकडून. त्यातला एक, चांगला शिकलेला, दारात येऊन म्हणाला, "वैनी, तुमी निजामाची भाषा काहून शिकवून राहिल्या?"

"भाषा निजामाची न्हाई, माझ्या शेजारणीची हाय. अन् मार तर आपल्याच लेकराच्या पाठीवर बसून राहिला ना? तुमी राज्य बदला, भाऊ. तवरोक मी लेकरं सांभाळते."

काही घरांनी लेकरं काढून घेतली. वहिनी त्या घरांच्या दारात रोज उभ्या राहिल्या. काही परत आली, काही नाही.

मग या साली रझाकारांचा जाच वाढला. उन्हाळ्यात अर्धं गाव हद्द ओलांडून वऱ्हाडात गेलं. आम्हीही गेलो. तिथल्या छावणीत एका चिंचेखाली वहिनींनी पुन्हा लेकरं गोळा केली. त्यात आमच्या शेजारच्या बंजारा तांड्याची लेकरं होती आणि ती गप्प बसून राहायची. वहिनी मराठीत बोलल्या, तरी गप्प. तेव्हा तांड्यावरची धावली नावाची बाई हसून म्हणाली, "त्यांना तुमची बोली येत न्हाई, बाई. आमी आईला याडी म्हणतो." वहिनी थबकल्या. त्या दिवसापासून त्या धावलीच्या मागं लागल्या. चुलीशी उभ्यानंच ह्याला काय, त्याला काय, विचारत. दादा जेवत असले की त्यांच्यापुढं ते शब्द घोकत.

संस्थान भारतात आलं, आम्ही परतलो. शाळा उघडली आणि नवे मास्तर मराठी बोलणारे आले. गाव म्हणालं, आता गोठ्याची गरज संपली. दिवाळीत मी गेलो ती आमची शेवटची भेट. वहिनी मला चावडीवर घेऊन गेल्या. "आपली लेकरं पल्याड पोचली, भावजी. तांड्याची आजून अल्याडच हायेत." तांड्याची पोरं शाळेत घ्या, असं त्यांनी मांडलं तशी चावडीवर कुरकूर झाली, ती पोरं आमच्या पोरांशेजारी कशी, म्हणून. वहिनी निघून गेल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. "छावणीत एका ताटात खाल्लं तवा इचारलं न्हाई कुणी," एवढंच म्हणाल्या. शेवटी मास्तर म्हणाले, "शाळेत वेळेवर येऊन बसत असतील तर घेतो." वहिनी रोज पहाटे तांड्यावर जायला लागल्या. तिथूनच एक दिवस ताप घेऊन आल्या.

तेराव्यानंतरच्या सकाळी मी आणि दादा ओट्यावर होतो. शाळेची घंटा झाली. मास्तरांनी निरोप पाठवला, तांड्याचं कुणी आलं नाही. दादांनी तंबाखू थुंकली, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि निघाले. मी मागोमाग.

धावली झोपडीपुढं उभी होती. "वैनी न्हाई, आता कोण नेईल म्हणून ऱ्हायलो." एक लहानगी तिच्या घागऱ्यामागं लपली होती. ज्यांनी स्वतःच्या पोराला कधी कडेवर घेतलं नाही ते दादा तिच्यासमोर उकिडवे बसले. घसा खाकरला. "चल, बाई," ते अडखळत म्हणाले. "याडी... याडी येती मागून." पोरीनं त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांचं बोट धरलं.

त्या दिवशी ती वर्गातून सारखी दाराकडं बघायची, म्हणून दादा दुपारपर्यंत शाळेच्या पायरीवर बसून राहिले.

परवा पुन्हा गावी गेलो. सकाळची वेळ, घराला कडी. शेजारच्या म्हातारीला विचारलं, दादा कुठं?

"कुठं असतील?" ती म्हणाली. "लेकरं आणाया गेले."