एफ कॉर्ड आणि बधिर बोट

मी जळगावात एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. एकवीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, सगळी करामत उजव्या हातातल्या सुईची. पण शीर शोधतं ते डाव्या हाताचं पहिलं बोट. हात जाड असो की सुरकुतलेला, डोळ्यांना काही दिसलं नाही तरी त्या बोटाला कातडीखालची शीर कळते.

मुलीने महिनाभर वाजवून सोडलेली गिटार कपाटावर पडून होती. मुलगी नाशिकला शिकायला गेली, संध्याकाळी घर फारच गप्प वाटायला लागलं, म्हणून मी ती खाली काढली. मागच्या गल्लीत एक चाचा राहतात. तरुणपणी ते लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, आता हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करतात आणि दोन-चार जणांना शिकवतात. त्रेचाळिसाव्या वर्षी मी त्यांच्याकडे जायला लागले.

सोपे कॉर्ड तीन महिन्यांत बसले. मग आला एफ. त्यात डाव्या हाताचं तेच पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या आणि बाकीच्या तीन बोटांनी त्यातल्या तीन तारा थोड्या पुढे धरायच्या. माझ्या हातून नुसता खटखट आवाज यायचा. चाचा म्हणाले, सगळ्यांचं असंच होतं, घाई करू नका. मी घाई केली. सकाळी डबा भरायच्या आधी अर्धा तास, संध्याकाळी दीड तास, दात आवळून दाबत राहिले. बोटाला मुंग्या यायच्या, पण तेवढं चालायचंच असं समजून सोडून दिलं.

दीड महिन्याने एका सकाळी पारोळ्याकडचे एक आजोबा लॅबमध्ये आले. दंडाला पट्टा बांधला, स्पिरिट लावलं, बोट ठेवलं. काहीच कळेना. कातडी लागत होती, तिच्याखाली काय आहे ते नाही. एकावर एक चार हातमोजे चढवल्यासारखं. अंदाजाने सुई घातली, रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा घातली, तरी नाही. मी बोट पुन्हा पुन्हा तिथेच दाबत राहिले.

आजोबा हळूच म्हणाले, "घाबरू नको, माय. माले काही दुखत नही."

पेशंटने मला धीर द्यायची वेळ याआधी कधी आली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावलं, तिने एका सुईत काम उरकलं. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक, असं मी तिला सांगितलं.

माझ्या आईला साखर आहे. तिचे पाय असेच बधिर होत गेले. पायातून चप्पल निसटली तरी तिला कळायचं नाही. शेवटी एका पायाचा अंगठा काढावा लागला. ते आजोबा येऊन गेले त्या दिवसापासून मी जेवताना, बसमध्ये, लोकांशी बोलताना सारखी बोट अंगठ्यावर घासत राहिले. लॅबमध्ये अवघड हात आला की काहीतरी निमित्त काढून उठायचे. तिथे स्वतःचं रक्त तपासायची हिंमत नव्हती. सगळ्यांना कळलं असतं. रविवारी आईला भेटायला धुळ्याला जाते, तिथल्या एका लॅबमध्ये सकाळीच रक्त दिलं. परतीच्या एसटीत मोबाइलवर रिपोर्ट आला. एरंडोल येईपर्यंत तो उघडायचा धीर झाला नाही.

साखर नव्हती.

क्षणभर हायसं वाटलं आणि मग जास्तच भीती वाटली. साखर नाही, तर मग हे काय? कामामुळे असल्या आजारांची नावं मला नको तेवढी ठाऊक आहेत.

दुसऱ्या दिवशी गिटार सोडते असं सांगायला मी चाचांकडे गेले, आणि बोटाचंही सांगून टाकलं. त्यांनी मला एफ धरायला लावला. माझं मनगट पार आत दुमडलेलं होतं आणि अंगठा मागून लाकडात रुतला होता. त्यांनी लगेच हात सोडवला.

"बाई, ही नस मी पण दाबून घेतली होती," ते म्हणाले. "आधी डॉक्टरला दाखवा. गिटार राहू द्या इथेच."

हाडांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: मनगटात नस दबली आहे, महिनाभर विश्रांती. तो महिना मी रोज सकाळी डोळे मिटून नवऱ्याच्या हाताची शीर चाचपायचे. पहिले दहा-बारा दिवस काही नाही. तो बिचारा सापडली का विचारायचा, मी नाही म्हणायचे. पंधराव्या दिवशी बोटाखाली काहीतरी किंचित उसळलं. मला रडू आलं. तो घाबरून हात काढून घ्यायला लागला, तर मी सोडेना.

महिन्याने पुन्हा चाचांसमोर बसले. मनगट सरळ ठेवा, अंगठा सैल, बोटाने दाबू नका, हाताचं वजन मागे ओढा, असं ते सांगत गेले. मी अगदी हलकेच एफ धरला. दुसरी तार बसकी वाजली, बाकीच्या पाच स्वच्छ. त्यांनी पुन्हा वाजवायला सांगितलं. मी मात्र हात खाली घेऊन, पुन्हा मुंग्या तर नाहीत ना म्हणून बोट अंगठ्यावर घासून बघत होते. नव्हत्या. आज एवढंच, असं म्हणून मी उठले.