करडी
टर्पेंटाइनचा वास आला की बंगळूरच्या के. आर. पुरममधली आमची एवढीशी खोली आठवते. सोलापूरकडून आलेल्या वडिलांना भिंती रंगवायचं काम कधी मिळे, कधी नाही. एका बालवाडीच्या बाईंनी भिंतीवर ‘करडी’ काढायला सांगितली, तर वडिलांनी गावाकडच्या शेतातली पिवळी करडी, म्हणजे करडई, फुलवली. बाईंनी कपाळाला हात लावला. “अय्यो अण्णा, कन्नडात करडी म्हणजे अस्वल! उद्यापर्यंत अस्वल काढा, नाहीतर दुसरा पेंटर बघते.” वडिलांनी घरी येऊन आईला काळी घोंगडी पांघरून ओणवं केलं, मला तिच्या पाठीवर बसवलं आणि कागदावर रेखाटायला घेतलं. “आटपा लवकर, तुमचं पिल्लू जड झालंय,” आई खालून ओरडली. दुसऱ्या दिवशी फुलांतून पिल्लू पाठीवर घेतलेली अस्वलीण निघाली, आणि बाईंनी फुलंही पुसू दिली नाहीत. आज माझ्या चित्रांतल्या अस्वलिणींना आईचेच डोळे असतात. आमच्या घरातली पहिली पदवी मी मिळवली, तीही चित्रकलेची.